वाजंत्र्याची बिदागी

तुळशीचे लग्न लागले की शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील रात्री शांत राहत नाहीत. भाताची कापणी उरकलेली असते, भारे खळ्यावर आलेले असतात, आणि गावोगाव हळदीचे मांडव पडू लागतात. अशा एखाद्या दिवशी ऊन कलण्याच्या सुमारास गावाच्या वेशीशी एक टेम्पो येऊन उभा राहतो. दहा-बारा तरुण ढोलकी, ताशे, बँजोची पेटी, कर्णे आणि विजेच्या तारांची भेंडोळी त्यात चढवतात. सर्वांच्या अंगात एकाच रंगाचे सदरे असतात. ओटीवर बसलेला बाप आपल्या मुलाला विचारतो, ‘‘सगळी रात्र जागवून हातात येते तरी काय रे?’’ मुलगा आकडा सांगत नाही. ‘‘हौस आहे, बाबा,’’ एवढेच म्हणून तो टेम्पोत चढतो.

बापाचा प्रश्न आणि मुलाचे उत्तर ही दोन्ही जुनीच आहेत. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण यजमान उच्चारतो तेव्हा तिचा अर्थ असा की, लेकीच्या हळदीला कितीही खर्च झाला तरी तो हिशेब करणार नाही. तीच म्हण वाजवणाऱ्याच्या तोंडी आली म्हणजे तिचा अर्थ अगदी उलटा होतो. त्याच्या हौसेला खरोखरच कोणी मोल देत नाही. यजमानाच्या हौसेवर मंडपवाला, आचारी, फुलवाला हे सारे आपापला व्यवहार चोख करून घेतात. एकटा वाजंत्री मात्र आपण व्यवहार करतो की सेवा करतो, याचाच निर्णय न करता रात्र काढतो. थोड्या बिदागीवर अशा मेळ्यात वाजवीत राहणे शहाणपणाचे आहे काय, हा प्रश्न म्हणूनच एकदा नीट उलगडून पाहण्याजोगा आहे.

प्रथम मुलूख पाहावा. माहुलीच्या किल्ल्यापासून माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेला हा डोंगराळ भाग मुंबईकरांना परका नाही. तानसा आणि भातसा या धरणांचे जे पाणी मुंबईच्या नळांना येते, ते शहापूर तालुक्यातूनच जाते. कुणबी, आगरी, ठाकर, वारली, कातकरी अशा समाजांची येथे वस्ती आहे. पाऊस उदंड, परंतु बहुतेक शेती एकपिकी. मृग लागला की पेरणी, आषाढात लावणी, आश्विन-कार्तिकात कापणी. त्यापुढे पुन्हा मृगापर्यंत पुष्कळशा शेतांना विश्रांती असते. आता पंचांग उघडून लग्नाचे मुहूर्त पाहावेत. तुळशीच्या लग्नापासून ते सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थांबतात. म्हणजे शेताला माणूस लागतो तेव्हा मुहूर्त नसतात, आणि मुहूर्त असतात तेव्हा शेताला माणूस लागत नाही. मधल्या पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे म्हसोबाची मोठी जत्रा भरते आणि बैलबाजाराच्या निमित्ताने साऱ्या ठाणे जिल्ह्याचे शेतकरी तेथे लोटतात. गणपतीचे दिवस तेवढे शेतीच्या हंगामात येतात. पण त्या सुमारास लावणी आटोपून कापणी दूर असते. वाजवण्याचा धंदा आणि भाताची शेती यांची अशी सांगड या मुलखात निसर्गाने आणि शास्त्राने मिळून घालून दिली आहे. शहरातल्या वादकाला हे भाग्य नाही.

मेळ्याचे आजचे रूप मात्र जुने नाही. पूर्वी लग्नातील वाजंत्री ही गावगाड्याची बाब होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात बलुत्या-अलुत्यांच्या व्यवहाराचे जे सविस्तर वर्णन केले आहे, त्यावरून त्या व्यवस्थेची कल्पना येते. काम करणाऱ्याला पैशाऐवजी पिकाचा वाटा मिळे, आणि काम कोणते करावयाचे ते त्याच्या जन्मावरून ठरे. वाजवणाऱ्यालाही हाच नियम लागू होता. त्याच्यावाचून मुहूर्त साजरा होत नसे, आणि तरीही कित्येक ठिकाणी त्याला मांडवाच्या बाहेरच उभे राहावे लागे.

त्यानंतर पलटणींचे अनुकरण करणारे पितळी वाद्यांचे बँड आले. मेरठच्या नादिर अली कंपनीसारखे कारखाने असली वाद्ये करून विकू लागले आणि लष्करातला कर्णा हळूहळू लग्नाच्या वरातीत शिरला. पुढे आला तो बँजो. या मुलखात ज्याला बँजो म्हणतात, ते अमेरिकेतील त्या नावाचे वाद्य नव्हे. ते बुलबुल तरंग. लांबट पेटीवर तारा ताणलेल्या, त्यांच्यावर टंकलेखन-यंत्रासारखी बटणे, एका हाताने बटणे दाबावयाची आणि दुसऱ्याने तारा छेडावयाच्या. त्याचा पूर्वज जपानी आहे. नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ साली तो बनवला. नागोयाची पेटी मुरबाडच्या हळदीत येऊन इतकी रुळली की, आगरी-कोळी चालीची गाणी तिच्यावर वाजली नाहीत तर हळद लागल्यासारखेच वाटत नाही. आज ‘बँजो पार्टी’ म्हणून जो मेळा ओळखला जातो, त्यात ढोलकी, ताशा, कर्णा, की-बोर्ड आणि ध्वनिवर्धक अशी सर्व पिढ्यांची वाद्ये एकत्र नांदतात. विशेष म्हणजे त्यात बसण्यासाठी जात विचारली जात नाही. हात तयार आहे की नाही एवढेच पाहिले जाते. बलुत्याच्या काळी जे काम जन्माने अंगावर पडे, ते आता हौसेने पत्करले जाते. हा फरक लहान नाही.

आता बापाच्या प्रश्नाकडे वळावे. मेळा ठरवण्याला ‘सुपारी देणे’ म्हणतात. समजा, बारा जणांच्या मेळ्याला एका हळदीची सुपारी २४,००० रुपयांची मिळाली. ही रक्कम कोणत्याही विशिष्ट मेळ्याची नव्हे. हिशेबाची रीत कळावी म्हणून ती धरली आहे. यातून टेम्पोचे भाडे ३,०००, जनित्र व ध्वनिवर्धक यांचे २,०००, सुपारी आणून देणाऱ्या मध्यस्थाचे २,००० आणि वाद्यांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले २,००० वजा जाता १५,००० उरतात. वाटे साधारणपणे सारखे नसतात. ज्याची वाद्ये आहेत त्याचे तीन, बँजो वाजवणाऱ्या मुख्य वादकाचे दोन आणि बाकीच्या दहा जणांचा एकेक असे पंधरा वाटे धरले, तर ताशा वाजवणाऱ्याच्या हाती एक हजार रुपये पडतात. तो दुपारी चारला घरून निघाला आणि पहाटे चारला परतला. म्हणजे बारा तास झाले.

हंगामात अशा तीस सुपाऱ्या झाल्या तर मिळकत ३०,००० आणि तास ३६०. परंतु वाजवणे म्हणजे केवळ मांडवातले वाजवणे नव्हे. नवी गाणी बसवण्यासाठी साठ संध्याकाळी दोन-दोन तास तालीम झाली असेल, तर आणखी १२० तास त्यात मिळवावे लागतात. एकूण ४८० तासांना ३०,००० रुपये, म्हणजे तासाला साडेबासष्ट. तीन यजमानांनी पैसे बुडवले तर हाच आकडा सव्वाछप्पन्नावर येतो, आणि त्या तीन रात्रींचा खर्च अंगावर पडतो तो निराळाच. आठ तासांच्या दिवसाला ही मिळकत साडेचारशे ते पाचशे रुपयांच्या घरात जाते. त्यात झोप मोडल्याची, घसा बसल्याची, थंडीत उघड्या टेम्पोतून आल्याची भरपाई नाही.

हाच वादक मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आसनगावच्या एखाद्या कारखान्यात रोजंदारीवर असेल, तर आणखी एक रकाना उघडावा लागतो. पहाटे चारला घरी आलेला माणूस सकाळच्या पाळीला जाऊ शकत नाही. त्याचा सहाशे रुपयांचा खाडा पडला, तर हजारातले चारशेच उरतात. रिकाम्या हंगामात वाजवणाऱ्या शेतकऱ्याला हजार म्हणजे हजारच. मेळा एकच, ताशा एकच, रात्रही एकच. पण शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांची खरी बिदागी मात्र वेगळी. ‘हे परवडते काय?’ या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही, ते यामुळे.

तरुणांना असा हिशेब करावासा वाटत नाही, याचे कारण स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालीच सांगून ठेवले आहे. त्यांच्या मते आपल्या नशिबावर माणसाचा फाजील विश्वास असतो, आणि धंदा निवडण्याच्या वयात तो सर्वांत अधिक असतो. सोडतीत एखाद्यालाच मोठे बक्षीस लागते, परंतु चिठ्ठी घेणारा प्रत्येकजण ते आपलेच समजतो. आज तर कोणाचीही ढोलकी भ्रमणध्वनीवर टिपली जाऊन रातोरात लाखो लोकांपर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे सोडतीची आशा अधिकच बळावली आहे.

बक्षीस ज्यांना लागले त्यांचे तरी काय झाले, तेही पाहिले पाहिजे. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेले की जुन्नरचा मुलूख लागतो आणि पुढे नारायणगाव येते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी येऊन आपल्या जत्रेची सुपारी तेथे देतात. या गावाचे नाव ज्यांनी महाराष्ट्रभर केले त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. प्रयोग चालू असता त्या पडद्यामागे प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही हकीगत सर्वश्रुत आहे. तिचे कौतुक पुष्कळांनी केले आहे; परंतु त्या रात्री ‘आज खेळ होणार नाही’ असे म्हणण्याची सोय त्या बाईंना का नव्हती, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. २००२ साली त्या वारल्या, तेव्हा पदके होती, पण औषधपाण्यासाठी लोकांच्या मदतीकडे पाहावे लागले होते. ज्यांच्या लावण्यांनी महाराष्ट्र वेडा केला ते पठ्ठे बापूरावही १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेतच निवर्तले. कीर्ती आणि निर्वाह यांची एकमेकांशी गाठ पडतेच असे नाही.

याच्या उलट उदाहरण गोव्याचे आहे. तेथील गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलेखन वाचावयास व वाद्य वाजवावयास शिकवीत. ती मुले पुढे मुंबईस येऊन हॉटेलांतील आणि नाचघरांतील वाद्यवृंदांत थोडक्या पगारावर रात्र-रात्र वाजवीत. चित्रपटसृष्टीला मोठे वाद्यवृंद हवेसे झाले तेव्हा हीच मंडळी तेथे गेली, कारण कागदावरचे स्वर पाहून ताबडतोब वाजवणारे तयार वादक तेच होते. मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. त्यांनी व्हायोलिन शिकवलेल्या शिष्यांपैकी प्यारेलाल पुढे नामवंत संगीतकार झाले, आणि १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यात त्यांनी गुरूचे नाव अजरामर केले. या मंडळींची सुरुवातीची बिदागीही लहानच होती. परंतु हाती अशी विद्या होती की, एक जागा सोडून दुसरी धरता येई. हॉटेलवाल्याला ‘नको’ म्हणण्याची ताकद त्यांना त्या विद्येने दिली. पुढे यंत्राचे सूर आल्यावर चित्रपटांतील मोठे वाद्यवृंदही ओसरले, ही गोष्ट वेगळी. पण तोवर एका पिढीचा संसार त्यावर झाला.

बिदागी वाढेल आणि मग सारे ठीक होईल, अशी आशा बाळगणाऱ्यांनी आणखी एक विचार ध्यानात ठेवावा. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यात यंत्र सुधारले म्हणजे एक माणूस पूर्वीच्या दसपट माल काढतो. परंतु चौघांनी मिळून वाजवावयाची रचना शंभर वर्षांपूर्वीही चौघांनाच, तेवढ्याच वेळात वाजवावी लागे आणि आजही लागते. बाकीच्या धंद्यांतील मजुरी वाढत जाते आणि तिच्याबरोबर वादकाचा खर्चही वाढतो. त्याचे काम मात्र वेगाने उरकता येत नाही. म्हणूनच इंग्लंडातील मद्यगृहात शनिवारी रात्री वाजवणारी चार तरुणांची टोळीही घरी जाताना आपल्या गाडीच्या पेट्रोलचा हिशेब करीत असते. तेथील पार्लमेंटने २०१२ साली कायदा करून लहान जागांतील वादनाची परवान्याची कटकट कमी केली. पण टोळीच्या मिळकतीचे गणित काही परवान्याने सुटत नाही. बिदागी थोडी असणे हा मुरबाडच्या यजमानांचाच दोष नसून या धंद्याच्या स्वरूपातच ती गोष्ट आहे.

त्यात आता यंत्र समोर येऊन उभे राहिले आहे. बारा माणसांच्या मेळ्याऐवजी एक माणूस आणि कर्ण्यांची भिंत, म्हणजे ‘डीजे’, आणला की यजमानाचे काम भागते. त्याला उत्तर म्हणून मेळेही आपला आवाज चढवतात. येथे कायदा आणि शरीर दोन्ही आड येतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणासमारंभासाठी राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसावा, आणि दर तीन डेसिबलांना ही मुदत निम्मी करावी. त्या मानाने १०० डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. कर्ण्यांच्या भिंतीपुढे रात्रभर उभा राहणारा ताशेवाला आपल्या हजार रुपयांत कान विकत असतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. आणि कान गेलेल्या वादकाला कोणताच मेळा ठेवून घेत नाही.

इतके सारे पाहिल्यावर बापाचा पक्ष खरा वाटू लागतो. परंतु मुलाच्या पक्षातही तथ्य आहे. चार महिने रिकामे बसण्याऐवजी तो शिस्त शिकतो, लय शिकतो, दहा जणांशी जुळवून घेणे शिकतो. परगावी त्याला नावाने ओळखतात. शाळेत मागल्या बाकावर बसलेला मुलगा मांडवात शंभर माणसे डोलवतो, तेव्हा त्याच्या चालण्यातच फरक पडतो. या गोष्टींना बाजारात भाव नसेल, पण आयुष्यात आहे. प्रश्न इतकाच की, हे सारे कोणत्या अटींवर मिळते.

त्या अटीची कसोटी याच मुलखाने दाखवून दिली आहे. शहापूर-मुरबाडच्या कातकरी आणि वारली वाड्यांवरील पुष्कळ कुटुंबे पावसाळा सरला की भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीचा मालक आधी ‘उचल’ देतो. आजारपणासाठी, लग्नासाठी, कधी केवळ पोटासाठी ती घेतली जाते आणि मग साऱ्या हंगामाचे श्रम ती फेडण्यात जातात. तेथे मजुरी किती, हा प्रश्नच गौण ठरतो. काम सोडून जाता येत नाही, हीच खरी गुलामी. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असल्या कर्जाच्या बंधनाला गुन्हा ठरवले, ते याचसाठी. तमाशाच्या फडांतही उचलीची रीत जुनी आहे. आता लक्षात घ्यावे की, ज्या मेळ्याचा मालक वादकाला आधी उचल देतो, किंवा वाद्य हप्त्याने घेऊन देऊन त्याचे हप्ते वाट्यातून कापतो, तो मेळा आणि ती भट्टी यांच्यात फक्त धुराचे अंतर आहे.

बलुत्याच्या काळी वाजवणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हते. वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या या सक्तीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर कित्येक गावांतील बौद्ध कुटुंबांनी गावकीचे वाजवणे सोडून दिले. त्यांना संगीत नको होते असे मुळीच नव्हे. आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवि-गायकांनी तर उभा महाराष्ट्र गाता केला. त्यांनी नाकारली ती सक्ती. तेच हात, तीच ढोलकी. पण स्वखुशीने वाजली तेव्हा तिचा अर्थ बदलला.

तात्पर्य असे की, बिदागी थोडी की फार, यापेक्षा ती नाकारता येते की नाही, हे पाहावे. नाकारता येणारी सुपारी लहान असली तरी तिच्यात वादकाचे नुकसान नाही. नाकारता न येणारी सुपारी मोठी असली तरी ती वेठच. घरी भाताची दोन खाचरे आहेत, किंवा पाळीची नोकरी शाबूत आहे, किंवा वाद्य दुरुस्त करण्याची, नवशिक्यांना शिकवण्याची विद्या हाती आहे, अशा माणसाने हंगामात खुशाल वाजवावे. खाचर विकून ध्वनिवर्धक घेणाऱ्याने, किंवा मालकाच्या उचलीवर वर्ष काढणाऱ्याने, आपण हौस करीत नसून दुसऱ्याच्या हौसेचे सरपण होत आहोत, हे ओळखावे. वाटे किती, कोणाचे, खर्च कोणता, हे रात्र संपण्यापूर्वी सर्वांच्या देखत वहीत लिहिले जाते की नाही, हीही एक कसोटीच आहे. ज्या मेळ्यात वही नाही, तेथे हौसेच्या नावाखाली कोणाचा तरी वाटा जातोच.

कायद्याने दिलेले काही हक्कही वादकांना ठाऊक असावेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली सुधारणा झाली. तीनुसार लग्नविधी, वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांत गाणी वाजवल्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही; कोणी परवान्याची भीती घालून पैसे मागू लागला तर वादकाने घाबरू नये. त्याच सुधारणेने वादन करणाऱ्याला स्वतःच्या प्रयोगावर स्वतंत्र हक्क मिळाला असून त्याची मुदत आता पन्नास वर्षांची आहे. आपले वादन टिपून दुसऱ्याने त्यावर कमाई करावी की नाही, हेही वादकाने ठरवावयाचे आहे. येथेही मुद्दा ‘नाही’ म्हणण्याचाच आहे.

राहता राहिला यजमान. शहरातील सुशिक्षित कुटुंबे आज मुरबाड-शहापूरच्या शेतघरांत आणि विश्रामस्थानांत लग्ने लावतात, आणि ‘स्थानिक मेळा स्वस्तात मिळतो’ असे आनंदाने सांगतात. स्वस्तात मिळण्यात पाप नाही. पण स्वस्त माणसाला वाटेल तसे वापरण्यात आहे. सुपारी देताना रक्कम, सुरू होण्याची व थांबण्याची वेळ, जेवण आणि परतीच्या गाडीचा खर्च एका चिठ्ठीवर लिहून द्यावा. उरलेले पैसे वरात संपताच द्यावेत. ‘सोमवारी या’ असे सांगू नये, कारण सोमवारी येण्याचे भाडे वादकाच्याच वाट्यातून जाते. बाकीच्यांची पंगत उठल्यावर उरलेसुरले त्यांच्यापुढे न ठेवता त्यांना वेळेवर आणि मानाने जेवू घालावे. दहा वाजता ध्वनिवर्धक बंद करण्याची जबाबदारी यजमानाने घ्यावी. पोलिसांपुढे मेळ्याला एकटे टाकून आत निघून जाऊ नये. नवरदेवावरून ओवाळलेली नोट फेकण्याऐवजी हातात द्यावी. यांतील एकाही गोष्टीने लग्नाचा खर्च वाढत नाही.

ज्येष्ठ सरत येतो. आभाळ भरून येऊ लागते. बँजोची पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर जाते, ताशाचे ताणलेले कातडे सैल केले जाते, आणि मुलगा बापाबरोबर राब भाजलेल्या जमिनीवर पेरणीला उतरतो. अशाच एका सकाळी बांधावर कोणी तरी येते आणि पुढल्या मार्गशीर्षातील हळदीची सुपारी देऊ करते. मुलगा नाव ऐकतो. गेल्या वर्षी या घराने पैशासाठी तीन खेपा घालायला लावल्या होत्या, हे त्याच्या वहीत लिहिलेले असते. ‘‘तुमच्याकडे जमणार नाही, काका,’’ असे तो सांगतो आणि पुन्हा कामाला लागतो. हातात काय येते, हे त्या दिवशी बाप विचारीत नाही.